घरात कोणाला होता?

रविवारी चार वाजता बोरिवलीची माणसं येणार होती आणि माझा भाऊ सकाळपासून माझ्याकडून एकच गोष्ट घोकून घेत होता. त्यांना अल्सर सांगायचा. पोटात मोठा अल्सर आहे, ऑपरेशन होणार आहे, तोवर जेवण बंद आहे म्हणून एवढा उतरलाय. बाकी चकार शब्द काढायचा नाही.

"नलू, तू हॉस्पिटलातली. तू सांगितलंस की त्यांना पटेल," दादा म्हणाला.

घाटकोपरला, पंतनगरच्या त्याच्या दोन खोल्यांत, बाहेरच्या खोलीत खिडकीशी त्याची कॉट लावली होती. त्याला पोटाचा कॅन्सर होता. लिव्हरपर्यंत गेला होता, ऑपरेशनच्या पलीकडे. डॉक्टरांनी महिना सांगितला होता, तोही चाचरत. बोरिवलीची माणसं म्हणजे अक्षताचं होणारं सासर. अक्षता ही दादाची एकुलती एक मुलगी, चोवीस वर्षांची. चैतन्यशी तिचं लग्न ठरून चार महिने झाले होते आणि ती मंडळी आजारी व्याह्यांना बघायला येत होती.

"हो म्हण ना गं."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ओल्या कापसाने त्याचे ओठ पुसले आणि वहिनीला हाक मारून चहाचे कप काढायला सांगितलं. मला दादाची खूप माया होती आणि त्या क्षणी त्याचा भयंकर राग येत होता. दोन्ही एकदमच. का ते सांगते.

दादाला कॅन्सर होणार नाही, असं सहा वर्षांपूर्वी मीच कागदावर लिहून दिलं होतं. रागाच्या भरात बोलत नाही, खरंच लिहून दिलं होतं.

मी मुलुंडच्या एका हॉस्पिटलात पोटविकार विभागात काम करते. डॉक्टर नाही, नर्सही नाही. मी फॉर्म भरते. आमच्याकडे एक अभ्यास चालतो. पोटात एक प्रकारचे जंतू असतात, अर्ध्या मुंबईच्या पोटात असतील. त्यांनी जळजळ होते, अल्सर होतो, आणि काहींच्या बाबतीत वर्षानुवर्षांनी कॅन्सर. दोन आठवडे गोळ्या घेतल्या की जंतू मरतात. पण जंतू मेले म्हणजे सुटलो असं नसतं. त्यांनी आधीच पोटाचं आतलं अस्तर किती बिघडवून ठेवलंय त्यावर पुढचं ठरतं. म्हणून गोळ्या झाल्यावर माणसाला माझ्यासमोर बसवतात. वय किती, तंबाखू किती, खारवलेलं किती खाता, दुर्बीण टाकून काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट काय, घरात कोणाला पोटाचा कॅन्सर होता का. प्रत्येक उत्तराला गुण. बेरीज पाच किंवा वर आली तर दरवर्षी दुर्बीण. पाचाच्या खाली असेल तर, त्रास झाला तर या, नाहीतर सुखी राहा.

यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड. "घरात कोणाला कॅन्सर होता का?" असं विचारलं की दहातली नऊ माणसं पटकन नाही म्हणतात. विचारसुद्धा करत नाहीत, चटका बसल्यासारखा हात मागे घेतात. म्हणून मी असं विचारायचंच सोडून दिलं. मी विचारायचे, "वडील कसे गेले? शेवटी जेवण कमी झालं होतं? पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली होती? पेजेवर होते का?" मग माणसं बोलायची. कोणी सांगायचं काविळीने गेले, कोणी सांगायचं गावाला भावकीतल्या कोणी खाण्यातून काहीतरी घातलं. मी सगळं ऐकून घ्यायचे आणि पेनाने शांतपणे "होय" वर खूण करायचे. आमचे डॉक्टर सम्यक नव्या मुलांना माझ्या टेबलाशी उभं करायचे आणि सांगायचे, माणसाला बोलतं कसं करायचं ते या ताईंकडून शिका. मला त्याचा गर्व होता. खोटं कशाला बोलू, चांगलाच गर्व होता.

तर दादाला तेव्हा ढेकरा आणि जळजळ सुरू झाली. अंधेरीच्या एमआयडीसीत छापखान्यात सुपरवायझर होता, वेळेवर जेवण नाही, तंबाखूची पुडी खिशात. मीच ओढून आणला. दुर्बीण झाली, जंतू निघाले. गोळ्या झाल्या, जंतू गेले. अस्तर थोडं बदललेलं निघालं, फार नाही. मग दुपारच्या सुट्टीत मी त्याला माझ्या टेबलासमोर बसवलं आणि डबा उघडून त्याचा फॉर्म भरायला घेतला.

"खारवलेलं किती खाता?" मी मुद्दाम अहोजाहो करत विचारलं.

"विचारतेस काय, भवानी? गावाहून खारा बांगडा तूच तर घेऊन येतेस."

आम्ही दोघं हसलो. शेजारच्या टेबलावरची मुलगीसुद्धा हसली. तंबाखूला एक गुण, खाऱ्याला एक, अस्तराला दोन. चार झाले. मग शेवटचा प्रश्न आला आणि मी "नाही" वर खूण केली. दादाला विचारलंही नाही. आमच्या घरचं मला माहीत नाही का? अण्णा म्हणजे आमचे वडील, ते अल्सर फुटून गेले होते. मी एकवीस वर्षांची असल्यापासून हेच सांगत आले होते. मैत्रिणींना, सासरी, बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांना. ते सांगायला मला विचार करावा लागायचा नाही.

चार गुण. त्रास झाला तर या. मी सही केली, त्याला पावभाजी खाऊ घातली आणि सहा वर्षं विसरून गेले.

या मार्चमध्ये त्याला काळी शौचाला झाली आणि दोन आठवड्यांत आठ किलो उतरला. पुढचं सांगत बसत नाही. रिपोर्ट आला त्या संध्याकाळी मी पंतनगरला गेले आणि आईला आत नेऊन हळूच सांगितलं. आई शहात्तरची आहे, चाळीस वर्षं घाटकोपरात काढली तरी बोलते अजून मालवणीच. ती रडली नाही. भिंतीला टेकली आणि म्हणाली, "म्हणजे ह्येंचाच दुखणा पोराक इला."

"ह्येंचं म्हणजे? अण्णांना तर अल्सर होता."

"अल्सरच होतो," आई म्हणाली. "मगे वाढलो."

 मी शेकडो माणसांकडून हे काढून घेतलं होतं. अगदी हेच वाक्य, आधी अल्सर होता, मग वाढला. माझ्या स्वतःच्या आईला मी कधी विचारलं नव्हतं.

मग सगळं बाहेर आलं. गिरणी बंद पडल्यावर अण्णा एका गोदामात वॉचमन होते. नव्व्याण्णव साली त्यांचं जेवण सुटलं. परळच्या कॅन्सर हॉस्पिटलात दाखवलं, निदान झालं आणि त्यांना हवापालटाला म्हणून गावी नेलं. चाळीतल्या लोकांना ते खंगताना दिसू नयेत, हे खरं कारण. माझी तेव्हा शेवटच्या वर्षाची परीक्षा होती म्हणून मला मावशीकडे ठेवलं. मी अण्णांना बारीक झालेलं पाहिलंच नाही. मी गावी पोचले तेव्हा त्यांना नेऊन झालं होतं. वडील गेले की मुलीचं लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, ही आमच्याकडची रीत. आठ महिन्यांत माझं लग्न लागलं आणि त्याच मांडवात दादाचंही उरकलं.

"तुझा लगीन वरसाच्या आत करूक व्हया होता," आई म्हणाली. "त्या रोगाचा नाव काढला असता तर कोण उभो रवलो असतो दारात? मी गप रवलंय."

मी बाहेर येऊन दादाला विचारलं. त्याला तेव्हा अजून चालता येत होतं, गॅलरीत उभा होता.

"तुला माहीत होतं?"

"मीच नेलं होतं त्यांना परळला. तुकड्याचा रिपोर्ट मीच घेऊन आलो."

"दादा, तू माझ्यासमोर बसला होतास. मी नाहीवर खूण केली, तू बघत होतास."

 "तेव्हा वीस वर्षं अल्सरच म्हणत आलो होतो गं," तो म्हणाला. "तोंडात तेच बसलं होतं. आणि तू विचारलंच नाहीस. मला वाटलं, बरं झालं, नाही विचारलं."

घरातल्या "होय" ला आमच्या तक्त्यात दोन गुण आहेत. चार आणि दोन सहा. या सहा वर्षांत निदान पाच दुर्बिणी झाल्या असत्या. डॉक्टर सम्यकना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ताई, तरीही वेळेत सापडलाच असता असं नाही सांगता येत." मला धीर द्यायला म्हणाले, चांगला माणूस आहे. पण मला त्या धीराचा संताप आला. पाच वेळा आत डोकावून बघायला मिळालं असतं आणि आम्ही दोघा भावंडांनी ते मिळून घालवलं, एकाने गप्प बसून आणि एकीने शहाणपणाने.

त्या आठवड्यात मी माझी दुर्बीण करून घेतली. घरी नवऱ्यालाही खरं सांगितलं. तो म्हणाला, "पंचवीस वर्षांनी सांगतेस?" आणि दोन दिवस तुटक वागला. माझं अस्तर बदलायला लागलंय, मला आता दरवर्षी तपासायचंय. ठीक आहे. माझं आयुष्य बरंचसं जगून झालंय. माझा जीव अडकला होता तो अक्षतात.

तिला मी खरं सांगितलं होतं, आजोबांचंसुद्धा. तिला जेवल्यावर पोट फुगल्यासारखं होतं, कॉलेजात असल्यापासून. मी म्हटलं, उद्या ये, तासाभराचं काम आहे.

"आत्या, लग्न होऊ दे ना," ती म्हणाली. "आत्ता चैतन्यला काय सांगू, कशाला चाललेय हॉस्पिटलात?"

"आणि लग्नानंतर काय सांगशील?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

तेव्हाचं तेव्हा कोणी बघत नाही. मला माहीत होतं काय होणार. लग्नानंतर ती डॉक्टरकडे जाईल तेव्हा शेजारी नवरा बसलेला असेल, नाहीतर सासू. डॉक्टर विचारतील, वडील कशाने गेले? आणि ती म्हणेल, अल्सर. एकदा सासरी सांगितलेलं तिला जन्मभर सांगावं लागेल. मीही तेच केलं होतं. रविवारी चार वाजता माझ्या तोंडून अल्सर वदवून घेऊन दादा स्वतःच्या मुलीचा फॉर्म भरत होता. तिला सुखी करायचं म्हणून, हेही मला कळत होतं.

ते लोक चारला पाच कमी असताना आले. चैतन्य, त्याचे आईवडील. शहाळी आणली होती आणि सफरचंदं. दादाने नवा शर्ट घातला होता, तो त्याच्या अंगावर लोंबत होता. उशांना टेकून त्याने दोन्ही हात जोडले. आई आतल्या खोलीच्या दारात स्टुलावर बसली. वहिनीने पोहे आणि चहा आणला. अक्षता पंजाबी ड्रेस घालून भिंतीशी उभी होती आणि चैतन्य तिच्याकडे बघून हसला. पोरगा वाईट नव्हता. आईवडीलही वाईट नव्हते, सांगून ठेवते.

"खूपच उतरले हो," चैतन्यची आई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तुम्ही हॉस्पिटलात असता ना? अल्सरच आहे ना? ऑपरेशन झालं की होतील ना बरे? नाही म्हणजे, तारीख त्याप्रमाणे धरू."

दादा माझ्याकडे बघत होता. अक्षताही. वहिनी ट्रे हातात धरून थांबली होती. मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं मी काय बोलणार आहे.

"अल्सर नाही," मी म्हटलं. "पोटाचा कॅन्सर आहे. तो यातून उठणार नाही. आमच्या वडिलांनाही हाच होता, आम्ही पंचवीस वर्षं लपवला. अक्षताची तपासणी करायची आहे. तिला काही झालेलं नाही, होऊ नये म्हणून करायची आहे. तुमच्या घरी आल्यावरही तिला वेळच्या वेळी तपासायला लागेल. तेवढी मोकळीक तिला द्या, एवढंच."

वहिनीच्या हातातला ट्रे कुठेतरी आपटला. आई उठली आणि आत जाऊन तिने दार लोटून घेतलं. चैतन्यचे वडील घसा खाकरून म्हणाले, "सांगितलंत ते बरं केलंत." चैतन्यच्या आईने कप संपवला, अर्धवट सोडला नाही. जाताना तिने अक्षताच्या पाठीवरून हात फिरवला. तो हात फिरवताना बघून मला कळलं की ही बाई पुन्हा इथे येणार नाही.

ते गेल्यावर मी कॉटजवळ गेले. दादाने तोंड भिंतीकडे केलं. मी हाक मारली, पुन्हा मारली. नाही म्हणजे नाहीच.

अक्षता मला जिन्यात गाठून बोलली. आवाज चढवलाही नाही. "आत्या, तुझं लग्न झालं ना? अल्सर सांगूनच झालं ना?"

 

बुधवारी वहिनीला फोन आला. पत्रिका दुसऱ्या गुरुजींना दाखवली, मंगळ निघाला. चार महिन्यांपूर्वी छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले होते. चैतन्यने अक्षताला मेसेज केला की घरच्यांना समजावतोय, थोडा वेळ दे. त्यानंतर त्याचा मेसेज आला नाही. दादाला यातलं काही सांगायचं नाही असं वहिनीने ठरवलं आणि आम्ही सगळ्यांनी मान डोलावली.

मी रोज ड्यूटी संपली की मुलुंडहून घाटकोपरला जात राहिले. दादा वहिनीच्या हातून पाणी घ्यायचा, आईच्या हातून घ्यायचा, समोरच्या बिऱ्हाडातली बाई आली तर तिच्याशीसुद्धा दोन शब्द बोलायचा. मी चमचा पुढे केला की ओठ मिटून घ्यायचा. त्याला बोलायचा त्रास व्हायला लागला होता, म्हणजे जे काही शब्द उरले होते ते तो मोजून वापरत होता, आणि त्यातला एकही माझ्यासाठी नव्हता. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. लहानपणी कशा घालायचा!

पुढच्या सोमवारी अक्षता हॉस्पिटलात माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. न सांगता आली होती. "टाक दुर्बीण," ती म्हणाली. "आता लपवायचं तरी कोणापासून?" डॉक्टर सम्यकनी स्वतः केली. मी बाहेर बाकावर बसले होते. माझी झाली तेव्हासुद्धा एवढी घाबरले नव्हते मी. तुकड्यांचा रिपोर्ट शुक्रवारी आला. जंतू होते, पण अस्तर अजून शाबूत होतं. कुठेच काही बदललेलं नव्हतं. याहून चांगला रिपोर्ट आमच्या घरात कोणाचा आला नव्हता. तिला गोळ्या लिहून दिल्या आणि मी सुट्टी टाकून दुपारीच पंतनगरला धावले.

दादा आता बहुतेक वेळ झोपेतच असायचा. मी त्याच्या कानाशी वाकले. "दादा, अक्षताचं झालं. जंतू आहेत फक्त. बाकी स्वच्छ आहे. वेळेत पकडलंय आपण, ऐकतोयस? वेळेत."

त्याने डोळे उघडले. बारा दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. ओठ हलले, पण आवाज उमटला नाही, म्हणून मी आणखी वाकले.

"लग्न?" तो म्हणाला.

मी थांबले नाही, अडखळलेही नाही. "ठरलंय," मी म्हटलं. "कालच फोन आला त्यांचा. ते म्हणाले, तपासणी काय, आम्हीच घेऊन जाऊ दरवर्षी. दिवाळीनंतरची तारीख धरलीय."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने तोंड किंचित उघडलं. मी चमच्याने पाणी घातलं आणि त्याने ते घेतलं, दोन चमचे.

मी चमचा खाली ठेवला तेव्हा अक्षता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ऐकलं होतं. मला वाटलं, ती आता बोलेल. ती पुढे आली, कॉटच्या पायथ्याशी बसली आणि बाबांच्या पायांवर हात ठेवून म्हणाली, "हो बाबा. दिवाळीनंतर."